आजीला काय ऐकू येतं? किनाऱ्यावरच्या लघुपटाचा आणि नाटकाचा आवाज कसा बांधायचा

वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत हल्ली प्रत्येक गावात कुणी ना कुणी लघुपट करतंय. कॅमेरा कुठला घ्यायचा, ड्रोन कुणाचा आणायचा यावर महिनाभर खल होतो. आवाजाचा विषय निघतो तो शूटिंगच्या दिवशी सकाळी चहा पिताना: "अरे, माइक कोण आणतोय?"

मीही याच रांगेतला. माझ्या पहिल्या लघुपटात आई-मुलाचं भांडण होतं. दुपारी चारला, भर पुळणीवर, कॅमेऱ्यावरच्याच माइकवर आम्ही ते घेतलं. हेडफोन कुणाकडेच नव्हते. रात्री घरी येऊन ऐकलं तर मायलेक कढईत पडल्यासारखे चुरचुरत होते. पुढे वाऱ्याची फडफड, मागे गाजेचा अखंड फेस आणि मधूनच एखादा शब्द. शेवटी माळ्यावर भाताच्या पोत्यांमध्ये दोघांना बसवून सगळे संवाद पुन्हा बोलवून घेतले. पोत्यांनी खोलीचा घुमारा छान शोषला, पण भांडण काही पुन्हा तसं पेटलं नाही.

तेव्हापासून मी कोणतंही काम एका कागदावर सुरू करतो. ती पद्धत सांगण्यासाठी एकच दृश्य घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू.

दृश्य असं आहे. तिन्हीसांजेची वेळ. पडवीत आजी सुपात कुळीथ निवडतेय. मुलगा होडी घेऊन समुद्रावर गेलाय, यायची वेळ टळून गेलीय. अंधार पडतो. लांबून होडीचं इंजिन ऐकू येतं. आजी म्हणते, "इलो." म्हणजे आला. दृश्य संपलं. दोन मिनिटं, संवाद एका शब्दाचा. बाकीचं सगळं काम आवाजाचं.

पहिली पायरी: कान कोणाचा?

पडवीत गाज ऐकू येते हे खरं. पण कोणाला? मुंबईहून आलेल्या पाहुण्याला पहिल्या रात्री गाजेने झोप लागत नाही. आजी सत्तर वर्षं त्या गाजेत राहिलीय. तिला ती ऐकूच येत नाही. तिला ऐकू येतो तो गाजेतला बदल. समुद्र खवळला, वारा फिरला, की तिचा हात थांबतो. तेव्हा हेच दृश्य पाहुण्याच्या कानाने बांधलं तर गाज मोठी ठेवावी लागेल आणि इंजिन बरंच उशिरा येईल. आजीच्या कानाने बांधलं तर गाज जवळजवळ नाहीच. सुपातल्या कुळथाची सळसळ मोठी, आणि इंजिन तिला आपल्या आधी ऐकू आलेलं.

म्हणून पटकथेच्या समासात प्रत्येक दृश्यासमोर एक नाव लिहा: हे कोणाच्या कानाने ऐकायचं? नाव सुचत नसेल तर दिग्दर्शकाशी भांडा. या भांडणाला पैसे लागत नाहीत, पुढची सगळी भांडणं महाग पडतात.

मग आवाजांची यादी करा. चौकटीत दिसणारे आवाज (सूप, कुळीथ, बांगड्या), न दिसणारे (गाज, शेजारचा रेडिओ, देवळातली घंटा, शेवटची एसटी) आणि फक्त तिच्या मनातले. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा ठेवलेलाच बरा.

यादी झाली की ती पंचांगाला लावून बघा. इथे शहरातली मंडळी हटकून फसतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जुलैच्या पावसाळी रात्री मासेमारीहून परतणाऱ्या होडीचं इंजिन वाजवलंत, तर मालवणच्या प्रेक्षकाला तुमचा नायक बंदी मोडणारा वाटेल. कथेत तसंच असेल तर उत्तम, नसेल तर गोची. बेडूक पहिल्या पावसानंतर. मेच्या कोरड्या रात्रीत ते ओरडत नाहीत. समुद्रपक्ष्यांचंही तसंच. आपल्या किनाऱ्यावर कुरव पक्षी येतात ते थंडीत. इंटरनेटवरून उतरवलेल्या फुकट 'समुद्रा'त हमखास भलत्याच देशातले पक्षी किंचाळत असतात, आणि दृश्य असतं आंब्याच्या दिवसांतलं.

दुसरी पायरी: जागा कानाने बघा

ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी, एक दिवस आधी, त्या पडवीत जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून बसा. सकाळी बघून आलेली जागा संध्याकाळी वेगळीच असते. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. दुपारी ते जोरावर असतात. रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. दोन्हींच्या मध्ये, सकाळी आणि सूर्यास्तानंतर, वारा थोडा वेळ पडतो. संवाद घ्यायचे ते याच वेळात. प्रकाश आणि शांतता एकाच वेळी मिळण्याचा हा योग आहे, तो जेवणात घालवू नका.

या दहा मिनिटांत जे जे ऐकू येईल ते वेळेसकट लिहून काढा. जेट्टीजवळच्या बर्फ कारखान्याचा कॉम्प्रेसर, शेजाऱ्यांचा पंप, आतल्या भागात असाल तर कोकण रेल्वेची गाडी. पंपवाल्याला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगितलं तर तो आनंदाने तासभर थांबतो. शूटिंगच्या मधोमध कुणी ओरडून सांगितलं तर मुद्दाम दोन तास चालवतो.

घराच्या आतला शत्रू म्हणजे फ्रिज. तो कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र चिकटून बसतो. मध्येच बंद पडला की दोन टेक जुळत नाहीत. बंद करा, आणि आपल्या गाडीची चावी त्याच फ्रिजमध्ये ठेवा. ही जगभरातल्या ध्वनिमुद्रकांची जुनी युक्ती आहे. चावी घेताना फ्रिज चालू करायची आठवण होते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरमालकिणीचे बांगडे तुमच्या नावाने वास मारतात.

आता खोलीत एक टाळी वाजवा. चिऱ्याच्या खडबडीत भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, कोपऱ्यात गोधड्या असतील तर टाळी लगेच विरते. स्लॅबच्या नव्या घरात टाइल्स आणि गुळगुळीत भिंती मिळून ती टाळी चार वेळा परत पाठवतात. तिथेच शूट करायचं असेल तर चौकटीबाहेर सतरंज्या, गाद्या, गोधड्या टांगा. हा घुमारा नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो असं सांगणारे भेटतात. थोडा जातो, पण सोबत माणसाचा गळाही जातो.

तिसरी पायरी: संवाद घेताना

मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. गाज मात्र तेवढीच राहते, कारण ती सगळीकडूनच येते. म्हणून किनाऱ्यावर महाग माइकपेक्षा जवळचा माइक कामाचा. काठीवरचा माइक डोक्याच्या वरून, चौकटीच्या अगदी कडेपर्यंत खाली आणा, आणि त्याचं तोंड छातीकडे रोखा. वरून खाली बघणारा माइक समुद्राकडे बघत नाही, हा फायदा वेगळा. काठी नसेल तर कॉलरचा माइक लावून फोन खिशात ठेवा. फोन विमान-मोडवर, रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ आणि शक्य असेल तर २४ बिट. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर आजी गप्प बसताच गाज फुगून वर येते.

पातळी अशी धरा की मोठ्यात मोठा शब्द रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. शून्याला आपटलेला शब्द साध्या रेकॉर्डरवर पुन्हा मिळत नाही.

वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी हवीच. नुसता स्पंज पुळणीवर टिकत नाही. पैसे नसतील तर स्पंजावर जुन्या केसाळ खेळण्याचं कापड शिवून घ्या. दिसायला मांजर, पण काम करतं.

टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी, आणि शेवटी सगळ्यांनी आहेत तिथे गप्प उभं राहून एक मिनिट त्या जागेचा आवाज. हे शेवटचं मिनिट मिळवणं सगळ्यांत कठीण. एकाला भूक लागलेली असते, दुसऱ्याची चप्पल वाजते. तरी घ्याच. संकलनात दोन वाक्यांमधली फट शिवायला याच जागेचं कापड लागतं, दुसऱ्या जागेची शांतता तिथे ठिगळ दिसते.

"इलो" हा शब्द तर कॅमेरा बंद करून, माइक वीतभर अंतरावर आणून आणखी पाच वेळा घ्या. अभिनेत्रीला सांगा, मोठ्याने नको, स्वतःशीच.

चौथी पायरी: समुद्र गोळा करणं

समुद्रासमोर माइक धरला की समुद्र मिळतो हा गैरसमज. मिळतो तो बिनचॅनेलच्या टीव्हीसारखा खरखराट, कारण लाटेच्या फेसात खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकत्र असतात. डोळ्यांना लाट दिसत असते म्हणून कानाला ती कळते. चित्र काढलं की उरते ती नुसती फुसफुस. उपाय म्हणजे समुद्र तुकड्यांत घ्या.

एक तुकडा लांबचा: सुरूच्या बनाच्या किंवा माडांच्या अलीकडून, घराच्या मागच्या दारातून. मधल्या झाडी-घरांत गाजेची वरची चुरचुर बरीच अडते आणि खालचा घुमता आवाज येतो. आजीची गाज ती ही. दुसरा तुकडा एका लाटेचा: ओल्या वाळूपासून दोन-तीन हातांवर, लाट फुटून मागे सरकताना होणारी सुस्कार. तिसरा माझा लाडका: कातळाच्या भेगेत पाणी शिरतं आणि गुळगुळ करत बाहेर येतं तो. यात पाण्याचा थेंब न थेंब कळतो. भरतीची वेळ बघून जा आणि पाठीशी एक माणूस उभा ठेवा. हेडफोन घातलेल्याला मागून येणारी लाट ऐकू येत नाही, किंवा ती रेकॉर्डिंगमधलीच वाटते.

इंजिन होडीत बसून घेऊ नका. किनाऱ्यावर उभं राहून होडी येताना घ्या, लांबच्या ठिपक्यापासून इंजिन बंद होईपर्यंत, न थांबवता. वाऱ्याच्या झुळकीबरोबर ते टकटक मध्येच हरवतं आणि परत येतं. ते हरवणं आपल्याला हवंय. स्टुडिओत नुसता आवाज हळूहळू वाढवून ते साधत नाही.

आणि दमटपणा. कंडेन्सर माइकच्या आतला पडदा ओलसर हवेत चिडतो आणि फटफट आवाज करू लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून माइक त्यात ठेवा. तांदळात ठेवायचा सल्ला बरेच देतात; तांदळाची पूड जाळीत शिरते, सबब भात खायलाच ठेवा. एसीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या माइक उघडू नका, बाहेरच्या हवेला येऊ दे.

पाचवी पायरी: उरलेलं घरी करा

पडद्यावरची पावलं, कपड्यांची सळसळ, दार-कड्या हे चित्र बघत बघत पुन्हा वाजवून घेण्याच्या कलेला फॉली म्हणतात. हॉलिवूडमध्ये बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात जॅक फॉली यांनी ती घडवली, त्यांचंच नाव कलेला पडलं. आपल्याकडे त्यासाठी लागणारं सामान परसात आणि माळ्यावर पडलेलं असतं.

करवंट्यांच्या जोडीने बैलाचे-घोड्याचे खूर. चुडताची वाळलेली पाती मुठीत चुरगाळली की सुक्या रानातून चालणं. केळीचा दांडा पिळून मोडला की मारामारीतलं हाड. बादलीत बुडवून फिरवलेली लाकडी पळी म्हणजे वल्हं. बादली प्लॅस्टिकची नको, पितळी कळशीही नको, ती वाजते. रबरी टब सगळ्यांत बरा. वेफर्सचं पाकीट हलकेच चुरडलं तर चूल पेटते. नाटकवाल्यांना जुनी युक्ती ठाऊक असतेच: पत्र्याचा मोठा पातळ तुकडा दोरीने टांगून हलवला की ढग गडगडतो. रेकॉर्डिंग कितीही चांगलं असलं तरी रंगमंचावर मी पत्राच घेतो.

आपल्या दृश्यात मुख्य वाद्य सूप आहे. कुळीथ माइकवर कडक, खड्यासारखे वाजतात. तांदूळ मऊ आणि बारीक. तीन-चार धान्यं करून बघा. मला कुळथाचाच आवाज आवडला, कारण मधूनच एक दाणा सुपाच्या कडेला टकटकतो. पुढे तेच टकटक इंजिनाचं होणार आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सहावी पायरी: दोन मिनिटांची मांडणी

पहिला थर फक्त जागेचा. त्यावर सूप, अगदी जवळ. पहिल्या तीस सेकंदांत शेजारचा रेडिओ, कुणाची तरी हाक, देवळातली घंटा, सगळं भरभरून येऊ दे. मग एकेक काढायला लागा. चाळिसाव्या सेकंदाला रेडिओ बंद. साठाव्याला शेवटची एसटी निघून जाते. दार लागतं. रातकिडे सुरू होतात. प्रेक्षकाला काय काढलं ते कळत नाही, उशीर होतोय एवढं कळतं.

सत्तराव्या सेकंदापासून गाज हळूहळू वर आणा. आतापर्यंत तिला न ऐकू आलेला समुद्र तिला ऐकू यायला लागलाय, म्हणजे ती घाबरलीय. इथे बहुतेक जण व्हायोलिन घालतात. नका घालू. गाज असताना व्हायोलिनला करण्यासारखं काही उरत नाही.

नव्वदाव्या सेकंदाला सूप थांबतं. एक दाणा टकटकतो. त्याच लयीत, गाजेच्या खालून, इंजिन. पहिले चार सेकंद ते असून नसल्यासारखं. झुळकीत हरवतं. पुन्हा येतं. तिची मान वळते. आपल्याला ते स्वच्छ ऐकू येण्याआधी ती म्हणते, "इलो." आणि मग गाज झपकन खाली, पुन्हा नाहीशी. सूप चालू.

इंजिन पुढच्या दृश्यात, होडी दिसायच्या आधीपासून चालू ठेवता येतं. आवाजाने चित्राच्या आधी दार उघडायचं, ही संकलनातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी चाल.

तेच दृश्य रंगमंचावर

इथे क्लोजअप नाही. सूप तिसऱ्या रांगेपुढे जात नाही, म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत एक माइक हवा आणि खाली घोंगडी, नाहीतर पावलं ढोलासारखी वाजतात. गाज दर्शनी स्पीकरमधून सोडू नका. समुद्र प्रेक्षकांच्या तोंडावर येतो. एक वेगळा स्पीकर मागच्या पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून ठेवा. भिंतीवरून परतलेली गाज 'तिकडून' येते. इंजिन एका विंगेतल्या स्पीकरवर सुरू करून हळूच दुसऱ्या विंगेत न्या.

क्यू, म्हणजे आवाज सोडायची खूण, कशावर द्यायचा? शब्दावर क्यू देणारा ऑपरेटर दोन प्रयोगांनंतर उशीर करायला लागतो. आपल्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, पात्रं ते उभ्या उभ्या रचतात. तरी हार्मोनियम, मृदंग आणि झांजवाले युद्धातला एक वार चुकू देत नाहीत, कारण त्यांचे डोळे नटाच्या अंगावर असतात. कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या जत्रेत रंगमंचाच्या बाजूला बसून तासभर फक्त वादकांकडे बघा. मग आपला क्यू असा ठरवा: आजीने तिसऱ्यांदा सूप पाखडून हात टेकवला की इंजिन. ऑपरेटरला विंगेत न बसवता प्रेक्षागृहात बसवा. लोकांना जे ऐकू येतं ते त्याला ऐकू आलं पाहिजे.

मोकळ्या मैदानात वेगळाच घोळ. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे रंगमंचापासून ३५ मीटरवर लावलेल्या कर्ण्यातून विजेच्या वेगाने आलेला शब्द आधी ऐकू येतो आणि रंगमंचावरचा मूळ शब्द एक दशांश सेकंद मागून. शब्द दुहेरी होतात. साऊंडवाल्याला सांगून मागच्या स्पीकरला १०० मिलिसेकंदांचा डिले लावा. त्याच्या मिक्सरवर नसेल तर मागचा कर्णा काढून पुढचे दोन उंच करा. तो म्हणेल आवाज पोचणार नाही. मागून कुणीतरी ओरडेलही, "आवाज वाढव रे, कायच ऐकाक येणा नाय!" आधी खालचा बास कमी करून बघा, बहुतेक वेळा शब्द तेवढ्यावर सुटे होतात.

माइक शिट्टी मारतो तेव्हा तो स्वतःचाच आवाज पुन्हा ऐकत असतो: स्पीकर माइकच्या मागे आले असतील. स्पीकर पुढे सरकवा, माइक तोंडाजवळ घ्या, नंतर बटणं. लॅपटॉप जोडला की घूं ऐकू आलं तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. ५० हर्ट्झच्या विजेची ती गुणगुण असते. आणि तिसऱ्या घंटेआधी त्या लॅपटॉपच्या सगळ्या सूचना बंद.

परवानगीचं आधी बघा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे; वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा दिवस त्यात बसतो का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. सरपंचांचा शब्द पुरत नाही.

तेच दृश्य फोनवर

तुमचा लघुपट बहुतेक लोक बघणार ते फोनवर, कदाचित एसटीत. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे तुम्ही जीव ओतून बांधलेला गाजेचा घुमारा आणि इंजिनाची धडधड, दोन्ही गायब. आजी उगाच मान वळवते. म्हणून फोनसाठी वेगळं मिश्रण करा. गाजेत कातळातली गुळगुळ थोडी मिसळा, इंजिनाची वरची टकटक पुढे आणा. एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आसपास ठेवा, कारण युट्यूब त्याहून मोठा आवाज स्वतःच खाली ओढतं. मग मोठं करून पाठवण्यात काय अर्थ?

शेवटची तपासणी अशी. किनाऱ्यावरच्याच कुणा काकीच्या हातात फोन द्या, पडदा पालथा ठेवून. नुसतं ऐकवा आणि सांगा, होडी आली असं वाटेल तेव्हा हात वर करा. हात "इलो"च्या आधी वर गेला तर फाइल पाठवून द्या. नंतर गेला तर इंजिन आणखी एक डेसिबल वर घ्या आणि काकीला पुन्हा चहा विचारा.